खालून कॅमेरा म्हणजे ताकद? असं कुणी सांगितलं?

पत्र:

"काका, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि बेळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा संपल्यावर जूनमध्ये मोबाईलवर अकरा मिनिटांची फिल्म केली. एक आजी रोज संध्याकाळी गाडीच्या वेळेला स्टॉपवर जाऊन बसते, कारण गोव्याला कामाला गेलेला मुलगा 'येतो' म्हणालाय. कंडक्टर रोज तिची चौकशी करतो. शेवटच्या दिवशी गाडी येते, दार उघडतं, कुणीच उतरत नाही, आजी रडते. काम माझ्याच आजीनं केलंय. यूट्यूबवर बघून मी वहीत उतरवून घेतलं होतं: खालून कॅमेरा म्हणजे ताकद, वरून म्हणजे दुबळेपणा, तिरका म्हणजे टेन्शन, निळा रंग म्हणजे दुःख. सगळं वापरलं. गणपतीत मंडळाच्या पडद्यावर लावली, तर आजी रडते तिथंच लोक हसायला लागले. शेजारचे एक काका म्हणाले, 'फोटो झ्याक आलेत की गं, पण म्हातारीला झालंय तरी काय?' आणखी एकानं विचारलं, मराठी फिल्ममध्ये कंडक्टर कन्नड कशाला बोलतोय? आजी तर म्हणाली, 'मी कवा एवढं रडतो गं?' भाऊ म्हणतोय चांगला कॅमेरा घेऊया. घेऊ काय? दिग्दर्शक लोक नुसत्या चित्रातून आणि आवाजातून अर्थ नेमका उभा कसा करतात? पुढच्या महिन्यात ही फिल्म पुण्याला एके ठिकाणी पाठवायची आहे. लिंक सोबत देते."

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर:

कॅमेरा घेऊ नकोस. हा प्रश्न एका ओळीत संपतो, म्हणून आधी संपवला. भावाला पैसे खर्चायचेच असतील तर बाहेरून जोडायचा एक माईक आणि त्यावर घालायचं केसाळ टोपडं घेऊन दे म्हणावं. तुझ्या फिल्ममध्ये चित्र स्वच्छ आहे, आवाजात मात्र नुसता वारा आहे. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक बाबुराव पेंटर यांनी तर कोल्हापुरात बसून स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला होता. तुझ्या खिशातलं यंत्र त्याहून पुष्कळ पुढचं आहे. तेव्हा यंत्राची तक्रार आपण सोडून देऊ.

आता लोक का हसले ते बघू. आजीच्या रडण्याला कुणी हसलेलं नाही. मी तो तुकडा मागेपुढे करून पाहिला. पहिल्या चारही दिवसांत तू कॅमेरा स्टॉपच्या बाजूला, आजीच्या कडेला ठेवलायस. तिथून आजी पडद्याच्या उजवीकडं बघते, आणि गाडीही उजवीकडूनच येते. शेवटच्या दिवशी मात्र गाडी येताना टिपायला तू रस्ता ओलांडून पलीकडं गेलीस. बहुतेक तिकडून उजेड बरा मिळत असेल, किंवा मागचा डोंगर छान दिसत असेल. रस्ता ओलांडला की डावं-उजवं उलटं होतं. त्यामुळं पडद्यावर गाडी आली डावीकडून. लगेच दार दिसावं म्हणून तू परत अलीकडं आलीस, आणि आजी उजवीकडं बघत डोळे पुसतेय. मंडळातल्या माणसांना दिसलं ते एवढंच: गाडी इकडून आली नि म्हातारी तिकडं बघून रडतेय. हसतील नाहीतर काय करतील? 'म्हातारीला झालंय तरी काय' ही टीका नव्हतीच गं, तो अगदी खरा प्रश्न होता.

यावर धंद्यातला उपाय फार जुना आहे. आजी आणि येणारी गाडी यांच्यामध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि त्या प्रसंगापुरता कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. त्या बाजूचं अर्धवर्तुळ सगळं तुझं, म्हणून याला १८० अंशांचा नियम म्हणतात. दोन माणसं समोरासमोर बोलताना एक उजवीकडं आणि दुसरा डावीकडं बघतो, त्यामागं हीच रेघ असते. रेघ ओलांडायचीच असेल तर कॅमेरा चालता ठेवून प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत ओलांडायची, म्हणजे त्याची वाट चुकत नाही.

पण हा नियम म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू ही रेघ खुशाल ओलांडायचे, आणि त्यांना कुणी हसत नाही. ते पहिल्या प्रसंगापासून तसंच करतात. बघणाऱ्याला पाच मिनिटांत त्याची सवय होते आणि मग त्याचं काही वाटत नाही. तू चार दिवस लोकांना एक सवय लावलीस आणि पाचव्या दिवशी, नेमक्या काळीज हलायच्या जागी, ती मोडलीस. तीही कारण नसताना.

तुझ्या पत्रातल्या मोठ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथंच आहे. एखाद्या तंत्राचा अर्थ त्या तंत्रात साठवून ठेवलेला नसतो. चित्रपट सुरुवातीला स्वतःच्या काही सवयी घालून देतो: कॅमेरा किती उंचीवर असेल, किती वेळ थांबेल, संगीत असेल की नसेल, माणसं जवळून दिसतील की लांबून. बघणारा या सवयी नकळत उचलतो. पुढं त्यातली एखादी मोडली की तो दचकतो, आणि का मोडली ते स्वतःच शोधायला लागतो. त्या शोधण्यात अर्थ तयार होतो. तुझ्या वहीत सगळी यादी आहे, सवय तेवढी नाही.

वहीतलं पहिलंच वाक्य घे, खालून कॅमेरा म्हणजे ताकद. ओझूंचा कॅमेरा जवळजवळ कायम खाली असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला किंवा त्याहूनही थोडा खाली. त्यांच्या १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'त एक म्हातारं जोडपं शहरातल्या मुलांकडं जातं आणि तिथं त्यांच्यासाठी कुणाला सवड नसते. कॅमेरा सतत खाली आहे, पण ताकदीचा मागमूस नाही. बसलेल्या माणसांचं जग त्या माणसांच्याच उंचीवरून दाखवलंय, इतकंच.

तुझी आजी कट्ट्यावर बसलेली असते. मग कॅमेरा तिच्या बसल्या डोळ्यांच्या उंचीला ठेव आणि चारही दिवस तिथून हलवू नकोस. स्टँड नसेल तर विटा रच, डबा ठेव, काहीही कर. मग बघ काय होतं. गाडीच्या दारात उभा राहिलेला कंडक्टर आपोआप खालून दिसेल. ती बसलेली आहे आणि तो पायरीवर उभा आहे, म्हणून. वर बघून बोलायला लावणारं जग तिच्याभोवती आपोआप उभं राहील, आणि कुणाला ते तंत्र वाटणार नाही. पाचव्या दिवशी गाडीचा आवाज आला की ती उठते, असं तुझ्या फिल्ममध्ये आहे. फार चांगलं आहे ते. तिच्याबरोबर कॅमेराही उचल. चार दिवस खाली बसलेला कॅमेरा पहिल्यांदा उठला की प्रेक्षकही खुर्चीत थोडा पुढं सरकतो.

वरून घेतलेल्या शॉटबद्दल काय बोलू? कॅमेरा वडाच्या फांदीवर आहे हे कळतंय. पण तिथं बसलंय कोण? देव, वानर, की तुझा भाऊ? कॅमेरा जिथं ठेवशील तिथून कुणीतरी बघतंय असं प्रेक्षक धरून चालतो. त्या बघणाऱ्याचा गोष्टीशी संबंध नसेल तर तो शॉट काढून टाक. तिरका शॉटही त्याच्याबरोबर जाऊ दे. आणि तुझ्या भावानं ड्रोनचं नाव काढलं तर त्याला माझ्याकडं पाठव.

निळ्या रंगाचं थोडक्यात सांगतो. जूनमधलं खानापूर म्हणजे तांबडी माती, ओली कौलं, नुकतं हिरवं झालेलं रान. तू त्या सगळ्यावर निळा फिल्टर ओढलास आणि आपला मुलूख कुठल्याही मुलखासारखा झाला. फिल्टर काढ. टिपताना मोबाईलच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस एका जागी बांधला जातो. ते केलं नाहीस म्हणून ढग सरकला की आजीचा चेहरा मधूनच उजळतो आणि मधूनच काळवंडतो. तो उजेडाचा हेलकावा लोक अर्थ म्हणून वाचतात. तुझ्या मनात तो नसला तरी.

आता रडणं. आजीचं म्हणणं मला तरी एकदम पटलं. ती एवढी रडत नाही, आणि पडद्यावरही रडायची गरज नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन या नटाचा फारसा भाव नसलेला एक चेहरा त्यानं घेतला आणि तोच चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी. तिसरं चित्र कोणतं होतं याबद्दल सांगणारे वेगवेगळं सांगतात, आणि तो मूळ तुकडा आज उपलब्ध नाही. पण बघणाऱ्यांनी नटाची वाहवा केली म्हणतात: सूपकडं बघताना काय भूक दाखवलीय, प्रेताकडं बघताना काय दुःख! चेहरा तर एकच होता. भूक आणि दुःख बघणाऱ्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं.

पदरचं घालायला मिळालं की माणूस त्यात गुंततो. तुझ्या फिल्ममध्ये आजी आधीच रडून मोकळी होते, मग लोकांनी करायचं काय? पुढच्या वेळी तिला सांग, काही करू नकोस, नुसती दाराकडं बघ. मग जोडणी अशी लाव: आजीचा साधा चेहरा, उघडं दार आणि रिकामी पायरी, परत आजीचा तोच साधा चेहरा. दुसऱ्यांदा तोच चेहरा आला की लोकांना त्यात पहिल्या वेळी नसलेलं बरंच काही दिसेल. पहिल्या तीन दिवसांच्या चित्रीकरणात आजी कॅमेऱ्याला विसरून नुसती बसलेली असते, तिथले चेहरे फार बोलके आहेत. त्यातलाच एखादा उचललास तर तिचा चेहरा नव्यानं टिपावाही लागणार नाही. फक्त ढगाळ उजेड जुळतोय का ते बघून घे.

तुझ्या फिल्ममधली सगळ्यात चांगली गोष्ट तुझ्या वहीत नाही. बहुतेक तुझ्या लक्षातही आलेली नाही. आजीच्या काखेत दोन छत्र्या आहेत. मला त्या दुसऱ्यांदा बघताना दिसल्या, कारण तुझा कॅमेरा तिच्या डोळ्यांतल्या पाण्याच्या मागं होता. तू सांगितलं होतंस का तिला? मला वाटतं, तिनं आपल्याच मनानं आणल्या असणार. जूनमध्ये खानापूरच्या पावसात उतरणाऱ्या पोराला छत्री लागणारच, त्यात कुणाला समजावून सांगायचं काय? 'ती मुलाची वाट पाहते' हे तू आवाजात दोनदा सांगितलंयस. ती दोन्ही वाक्यं काढ आणि पहिल्या दिवशी त्या छत्र्या स्वच्छ दिसू देत, जवळून नव्हे, तिच्यासकट. रोज दिसू देत. पाचव्या दिवशी पाऊस असेल तर एक उघडेल आणि एक मिटलेलीच राहील. यावर आणखी काही करायला जाऊ नकोस, नाहीतर छत्री हातोड्यासारखी डोक्यात मारल्यासारखं होईल.

चौकटीत काय ठेवायचं आणि कशाच्या शेजारी ठेवायचं, हा या कामाचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) शाळकरी जब्याचं कुटुंब पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतं, तेव्हा मागं शाळेच्या भिंतीवर आंबेडकर-फुल्यांसारख्यांची चित्रं रंगवलेली दिसतात. कुणी भाषण करत नाही, कॅमेरा त्या चित्रांवर जाऊन थांबत नाही. भिंत मागं आहे, माणसं पुढून जातात. अशा भिंती आपल्या गावोगाव आहेत, आपण रोज त्यांच्यापुढून जातो. म्हणूनच ते दृश्य अंगावर येतं. तुझ्या स्टॉपच्या मागं काय आहे? फिल्ममध्ये बियाणांची एक जाहिरात आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स दिसतो. फ्लेक्सवरचे हसरे चेहरे आजीच्या डोक्यावर आलेत. ते तुला हवे असतील तर ठेव, नको असतील तर कॅमेरा दोन पावलं सरकव. पण ठरव. आपसूक आलं ते राहू दिलं, असं करू नकोस.

किती वेळ थांबायचं, हे तुझ्या वहीत कुठंच नाही. तू प्रत्येक शॉट दोन-तीन सेकंदांत कापलायस, कारण रीलची सवय. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा लांबवर, न हलता उभा असतो आणि काम संपलं तरी लगेच कापत नाही. सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो, आणि तरीही शॉट चालूच राहतो. लोकांना वाटतं संपला. मग पुढचा प्रसंग उगवतो, न्यायाधीश सहलीला निघालेत. तो अंधार बघताना आपण अस्वस्थ होतो, कारण एवढा वेळ काय बघायचं ते आपल्याला कुणी सांगत नाही.

तुझ्या फिल्ममध्ये वाट बघणं हाच विषय आहे. मग प्रेक्षकाला थोडी वाट बघायला लावायला घाबरतेस कशाला? पहिले दिवस भराभर काप, तिसरा दिवस तर नुसता एका शॉटचा असला तरी चालेल. शेवटच्या दिवशी मात्र दार उघडल्यापासून गाडी निघून जाईपर्यंत कापूच नकोस, आजीचा दुसऱ्या वेळचा चेहरा त्यानंतर लाव. कंडक्टरची शिट्टी, गिअर पडल्याचा आवाज, धूर, रिकामा रस्ता, सगळं एका दमात. किती सेकंद ते मी सांगणार नाही. तुला स्वतःला 'आता पुरे' वाटलं की त्यापुढं थोडं आणखी थांब.

आवाजाचं प्रकरण मोठं आहे. तुझ्या फिल्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत फुकट मिळणारी बासरी वाजतेय. बासरी वाईट नाही, पण ती आधीच सांगून टाकते की बाबांनो, हे करुण आहे, तयार राहा. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीतच नाही. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची ती गोष्ट, आणि ऐकू येतात ते घरातलेच आवाज. म्हणून त्यातलं घड्याळ नुसतं घड्याळ राहत नाही. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि या लोकांना काय वाजवायचं नाही हे कळलं होतं! बाबुराव पेंटरांनी शेतकरी आणि सावकाराची गोष्ट सांगणारा आपला १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यातली अंधुक उजेडातली झोपडी आणि कुत्र्याचं रडणं निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना पुढं कित्येक वर्षं आठवत राहिलं. एक झोपडी आणि एक कुत्रं. खर्च किती आला असेल?

उलट बाजूही आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) मुलगी दुर्गा वारलीय हे माहीत नसलेला बाप घरी येतो, आणलेल्या वस्तू दाखवता दाखवता दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. ती हंबरडा फोडते. पण आपल्याला तिचा आवाज ऐकू येत नाही, त्या जागी रविशंकर यांच्या संगीतातलं तारशहनाई हे वाद्य किंचाळतं. तोवर त्या घरातले आवाज आपण खरे म्हणून ऐकत आलेलो असतो, म्हणून तिथं आवाज बदलला की पोटात खड्डा पडतो. 'सैराट' तर तुमच्या गावातही सगळ्यांनी पाहिला असेल. पूर्वार्धात अजय-अतुल यांचा केवढा मोठा वाद्यमेळ, हळू गतीतलं पळणं, पाण्यात उड्या. आणि शेवटी ते लहान मूल रक्तानं भरलेल्या पावलांनी बाहेर चालत येतं तेव्हा आवाजच नाही. पूर्वार्धातल्या त्या गाण्यांनी ती शांतता कमावलेली आहे. शांतता म्हणजे दुःख असं वहीत लिहून घेऊन पहिल्या मिनिटालाच वापरली असती, तर लोकांनी स्पीकर बिघडला म्हणून आरडाओरडा केला असता.

तेव्हा बासरी काढ. त्या जागी एका संध्याकाळी स्टॉपवर जाऊन फक्त आवाज टिपून आण: पाणी गळण्याचा, बेडकांचा, लांबच्या मोटरसायकलचा आणि सगळ्यात मुख्य म्हणजे चढावर गिअर बदलणाऱ्या गाडीचा. तुझ्या आजीला पाटी वाचायची गरज पडत असेल असं मला वाटत नाही, रोजच्या गाडीचा आवाज तिला ओळखू येत असणार. गाडी दिसण्याआधी ऐकू येऊ दे आणि तिचा चेहरा दाखव. पहिल्या चार दिवसांत एकदा तरी आवाज यावा, तिनं मान वळवावी आणि भलताच ट्रक यावा. मग पाचव्या दिवशी नुसत्या आवाजावर लोक श्वास धरतील.

या सगळ्यासाठी डोळे आणि कान तयार करायचे तर फुकटातला अभ्यास सांगतो. आवडीचा एखादा प्रसंग आवाज बंद करून बघ, आणि मग पडद्याकडं पाठ करून नुसता ऐक. 'शोले'तला गब्बर पहिल्यांदा येतो तो प्रसंग घे. आधी बूट आणि खडकावर घासत जाणारा पट्टा. चेहरा नंतर. आपण त्याला बघायच्या आधीच त्याला घाबरलेलो असतो. कॅमेरा कुठं आहे, शॉट कधी कापला, कुणाचं बोलणं कुणाच्या चेहऱ्यावर ऐकू येतंय, हे लिहून काढ. 'म्हणजे काय' हा रकाना मात्र रिकामा ठेव, तो घाईनं भरला की परत तुझी जुनी वही तयार होते.

राहिला कन्नड कंडक्टर. तो बदलायचा नाही. 'एन अज्जी, इवत्तू बर्लिल्लेनु?' (काय आजी, आजही आला नाही का?) असं तो विचारतो आणि आजी 'न्हाई रे बाबा, उद्या येतोय म्हणालाय' असं मराठीत सांगते. दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळतं, दोघंही आपापल्या भाषेत बोलतात. बेळगाव-खानापूरच्या कुठल्याही स्टॉपवर उभं राहिलं की हेच ऐकू येतं. १९५६ पासूनचा सीमावाद आपल्या ठिकाणी आहे, त्यावर मला काय वाटतं ते सांगायला हे सदर नाही. पण त्या कंडक्टरला शुद्ध मराठी बोलायला लावलंस तर तुझ्या फिल्ममधला एकुलता एक माणूस, जो आजीची रोज चौकशी करतो, तो खोटा होईल. आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनाही कंडक्टर काय म्हणाला ते कळलं होतंच की. कळलं नसतं तर त्यांनी 'काय म्हणाला' असं विचारलं असतं.

पुण्याला पाठवताना मात्र पडद्यावर खाली भाषांतराच्या ओळी द्याव्या लागतील, आणि तिथं जरा विचार कर. हल्ली पुष्कळ जण परभाषेतला संवाद मुद्दाम न उलगडता सोडतात, म्हणजे प्रेक्षकालाही परकं वाटावं. ज्याला ती भाषा कळत नाही अशा माणसाची गोष्ट असेल तिथं ते शोभतं. तुझ्या आजीला कन्नड कळतं. कंडक्टरच्या ओळी उलगडल्या नाहीस, तर पुण्यातल्या प्रेक्षकाला ती आपल्याच गावच्या स्टॉपवर परकी वाटेल, आणि ते खरं नाही. म्हणून त्याच्या ओळी मराठीत दे. गाडीवरची कन्नड पाटी मात्र तशीच राहू दे, ती तिनं कधी वाचलेलीच नाही. पुण्याहून परत आल्यावर हुबळी-धारवाडला दाखवायचं मनात असेल तर आजीच्या ओळी कन्नडमध्ये करून घे. तुझ्या कॉलेजात त्यासाठी मैत्रीण सापडेल. भाषांतर तिच्याकडून कागदावर नको घेऊ. आजीचा आवाज लावून, ऐकत ऐकत करून घे, म्हणजे 'न्हाई रे बाबा'चं पुस्तकी कन्नड होणार नाही.